दाराचं माप

रविवार, ११ जानेवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे, पण विचारायची खोड जात नाही. आम्ही दोघं मजेत आहोत. तुमचे जावई मातीत काम करून भिंतीच्याच रंगाचे झालेत. हाक मारल्याशिवाय सापडत नाहीत.

घरावर छप्पर चढलं. भिंती ओलसर माती साच्यात भरून, धुमसाने ठोकून केल्या आहेत. छपरावरचं पाणी टाकीत उतरणार. आणि वीज, म्हणजे आपल्या भांडणाचा विषय, तीही सुरू झाली. बाहेरून एकही तार घरात येत नाही. वर पॅनेल, आत बॅटरी, बस्स.

मला मात्र रोज नवे प्रश्न पडतात. पंप आणि मिक्सर एकदम लावले की सगळं घर बंद पडतं. एकामागून एक लावले तर तक्रार नाही. हे म्हणतात, सुरू होताना पंप एकदम जास्त वीज ओढतो. खरं का? आणि दुपारी बॅटरी भरल्यावर उरलेलं ऊन कुठे जातं? वाया गेलं म्हणावं, तर ते अंगणात पडलेलं दिसतंच की! इथे मला उत्तर देणारं कोणी नाही. जावयांना विचारलं की ते आधी ढगांकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

आता आमचा पराक्रम ऐका. दुसरी भिंत ठोकताना मोजपट्टी साच्यातच राहिली आणि मातीबरोबर भिंतीत गेली. एका मोजपट्टीसाठी भिंत कोण फोडणार? बाजार लांब, म्हणून आम्ही आमच्याच अंगाने मापं घ्यायला लागलो. ओटा माझ्या कमरेएवढा. फळ्या माझा हात पोचेल तिथे. दार म्हणजे हे सरळ उभे राहिले की डोक्यावर चार बोटं. इतकं सोयीचं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. काही घ्यायला स्टुलावर चढावं लागत नाही, बाबा! आईला फार आवडलं असतं.

मग गेल्या आठवड्यात विहीर बघायला एक कारागीर आला. उंच माणूस. पाणी प्यायला आत येताना दारावरच्या फळीवर त्याचं कपाळ असं आपटलं की छपरावरची पाखरं उडाली. मी पळत जाऊन ओलं फडकं आणलं. ते त्याच्या कपाळावर धरताना माझ्या मनात काय आलं असेल? बाबा याच्याहून उंच आहेत.

संध्याकाळी हे छिन्नी-हातोडा घेऊन दारापाशी उभे राहिले. म्हणाले, "बाबा येणार असतील तर वरचं फोडतो. नसतील तर राहू दे, बाकीचे येतील वाकून."

मी छिन्नी-हातोडा त्यांच्या हातातून काढून ठेवला. तुम्ही शेवटचं काय म्हणालात ते तुम्हालाही आठवत असेल. "जन्मभर खांबांवर चढून लोकांच्या घरी दिवे पोचवले, आणि माझीच पोरगी निघाली अंधारात राहायला! त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही." तुमचं काम मी नाकारलं असं तुम्हाला वाटलं, आणि तसं नाही हे सांगायला मला शब्द सापडले नाहीत.

आज सांगते. वादळात दिवे गेले की तुम्ही पट्टा बांधून बाहेर पडायचात. मी आणि आई खिडकीत बसायचो. मग समोरच्या घरांत एकेक दिवा लागत यायचा आणि आई म्हणायची, "आले बघ तुझे बाबा तिथपर्यंत." तो दिवा नक्की येतो कुठून, हे मला तेव्हापासून बघायचं होतं. हे घर त्यातूनच निघालं आहे, बाबा. तुमच्यावर रुसून नाही.

आणखी एक. उगवतीकडच्या खोलीला आम्ही पाहुण्यांची खोली म्हणतो. पाहुणा कोण हे दोघांनाही माहीत आहे, पण बोलत कोणी नाही. आई गेल्यावर तुम्ही तिकडे एकटे जेवता, याचा मला फार त्रास होतो. तुम्ही इथे राहायला यावं असं मला वाटतं. झालं, लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी मीच घेतली. आता दाराच्या जागी वाकडंतिकडं भगदाड आहे, त्यावर ताडपत्री. वारा सरळ आत येतो, परवा एक शेळीही आली. सुतार चौकटीसाठी खोळंबला आहे आणि रोज माप विचारतो. मी रोज त्याला चहा पाजून परत पाठवते.

उंचीचा आकडा पत्रातून कळवू नका. दारात येऊन उभे राहा, सुतार तिथेच माप घेईल.

तोवर दाराशिवाय राहणारी,
तुमची बुटकी