प्रसाद म्हणजे जेवण नव्हे

सोमवार, १ नोव्हेंबर १९६५

आज रात्री चूल नाही. सोमवारी एक वेळचे जेवण सोडा, देशाचे धान्य वाचेल, असे पंतप्रधानांनी सांगितले आहे. आमचे हे गल्लीत घरोघर जाऊन तेच सांगून आले. शेजारच्या गोजराबाईंच्या दारात म्हणाले, "आधी स्वतःच्या घरात केलं, मग आपल्याला सांगितलं. असा पुढारी पाहिलात कधी?" गोजराबाई म्हणाल्या, "आमच्याकडं महिनाअखेरीला सगळेच वार सोमवार, अण्णा."

माझे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तरी दिले नसते. नवी मोलकरीण दोन महिन्यांत कळते. देश चालवणारा किती दिवसांत कळतो, ठाऊक नाही. पंतप्रधानांना दीड वर्ष झाले.

मंगळवार, २ नोव्हेंबर

काल दिवेलागण होऊन गेल्यावर हे देवघराच्या उंबऱ्याशी बसले ते उठेनात. सदरा घामाने भिजला. मला "अक्का, अक्का" म्हणू लागले — थोरल्या वन्सं जाऊन नऊ वर्षे झाली! लेक अहल्या धावत जाऊन आमच्या कानडी डॉक्टर शिवाप्पांना घेऊन आली. त्यांनी नाडीच्या आधी गूळ मागितला. पाण्यात कालवून पाजला. पंधरा मिनिटांनी हे मला ओळखू लागले.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अम्मा, सकाळी इन्सुलिनची सुई घेतात ना? ती रात्रीपर्यंत काम करत असते. पोटात काही नसलं की रक्तातली साखर पार उतरते. आज शुद्धीवर आले. एखाद्या सोमवारी येणार नाहीत."

सकाळी यांना सांगितले. म्हणाले, "सूट असेल तर ती आजाऱ्यांना. मी आजारी कुठं आहे? आणि मी शब्द दिलाय."

कोणाला दिला? पंतप्रधान काही आमच्या दारात आले नव्हते. पण तुळशीपाशी उभे राहून दिला आहे. आता हलणार नाहीत. अहल्या रडली. तिला भाजी चिरायला बसवले.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

बनशंकरीच्या देवळात जाऊन आले. येताना वाटेत सुचले.

हे जेवण नाकारतील, प्रसाद नाकारणार नाहीत. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. हातावर ठेवलेला प्रसाद यांनी कधी खाली ठेवला नाही, विषमज्वरात सुद्धा.

कार्तिक आहे. सोळा सोमवार धरते. दिवसभर उपास, तिन्हीसांजेला महादेवाची पूजा, कणकेचा चुरमा. चुरम्याचे तीन भाग — एक देवाचा, एक वाटायचा, एक आपला. वाटायच्या भागातून गल्लीला चिमूटचिमूट, उरलेला सगळा यांना.

व्रताला हेतू लागतो. देवापुढे खोटे बोलता येत नाही. "यांना जेवू घालायचे आहे" हेच सांगेन. पटले तर पटले.

सोमवार, ८ नोव्हेंबर

पूजा झाली. वाटी भरून पुढे ठेवली. यांनी वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"इतका?"

"देवाचं मापून देऊ का?"

खाल्ला. बोटे सुद्धा चाटली. मग ओट्यावर जाऊन गोजराबाईंच्या यजमानांना म्हणाले, आमच्याकडे आज रात्री चूल पेटली नाही. खरेच आहे. दुपारी तीनला पेटली होती.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

रात्री तीनदा उठून यांचा श्वास पाहिला. बरा होता.

डॉक्टरांना वाटेत गाठून सांगितले. हसले. "सरी अम्मा, ठीक आहे. गूळ स्वल्प, कणीक जास्त." महादेवाची हरकत नसावी.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

चार सोमवार तांदूळ मापून पाहिला. सोमवारी रात्री दीड पाव वाचतो. मंगळवारी सकाळी सगळे भुकेले उठतात, एक पाव जास्त लागतो. म्हणजे वाचला अर्धा पाव. शिवाय चुरम्याची कणीक वेगळीच! तीही रेशनचा तांबडा अमेरिकेचा गहू — जो मागायची वेळ येऊ नये म्हणून हा सगळा उपास.

यांना अर्ध्या पावाचे सांगितले. कणकेचे नाही सांगितले. मला वाटले निरुत्तर होतील. म्हणाले, "अर्ध्या पावाला देशातल्या घरांनी गुणून बघ. मॅट्रिक झालीस ना?"

गुणून पाहिले. हे मला सुचले नव्हते. पंतप्रधानांना त्या जागी एक गुण दिला.

रविवार, १९ डिसेंबर

होसकोट्याहून गुंडोभावजी आले होते. जेवताना दोघे भाऊ भांडले. भावजी म्हणाले, "उपास करून कुठं राज्य चालतं का? वाण्यांच्या कोठारात पोती आहेत, ती बाहेर काढा म्हणावं. बायकापोरांच्या ताटातलं काय काढता?" हे म्हणाले, "सांगणारा स्वतः उपाशी राहतोय, एवढं पुरे आहे मला."

भावजींचे पोत्यांचे म्हणणे खोटे नाही. यांचेही खोटे नाही. पण वाढताना मनात आले, जो स्वतः उपाशी राहतो त्याच्यासाठी माणसे जीव सुद्धा देतील. हा गुण की अवगुण? असा माणूस काही मागतो तेव्हा त्याने फार जपून मागायला हवे.

भावजींनी विचारले, "वहिनी, तुम्हांला काय वाटतं?" म्हटले, "ताक वाढू का?"

सोमवार, १० जानेवारी १९६६

दहावा सोमवार. यांचे पाय सुजले आहेत. चुरमा पूर्ण संपला.

मंगळवार, ११ जानेवारी

सकाळी रेडिओवर — पंतप्रधान गेले. ताश्कंदमध्ये, रात्री. कालच करारावर सही केली होती. हृदय बंद पडले म्हणतात.

यांनी सुई टोचून घेतली आणि जेवायला बसेनात. अहल्येने हात धरून बसवले. चार घास गेले.

गुरुवार, १३ जानेवारी

गुंडोभावजींचे पत्र. पंतप्रधानांनी युद्धात जिंकलेले परत दिले म्हणून रागावले आहेत, आणि गेले म्हणून वाईटही वाटते आहे. दोन्ही एकाच कार्डावर.

आज कोणी विचारले असते तर सांगितले असते. काम चांगले केले. मागितले तेही बेताचे — एक जेवण. पण सगळ्यांची पोटे सारखी नसतात. हे दिल्लीहून दिसत नाही, ज्याने त्याने आपापल्या स्वयंपाकघरात पाहायचे. पैकीच्या पैकी गुण देणार नाही. पण पास केले असते, वरच्या वर्गात.

कोणी विचारले नाही.

सोमवार, १७ जानेवारी

यांना म्हटले, "आता तरी सोमवारचं सोडा." म्हणाले, "ज्याला शब्द दिला तोच गेला. आता तो परत कोणाकडून घेऊ?"

हे जन्मभर चालणार. माझे व्रत सोळाचे.

सोमवार, २८ फेब्रुवारी

उद्यापन झाले. जेवणावळ नाही, दिवसच तसे आहेत. सोळा जोडप्यांना चुरमा दिला. गोजराबाई म्हणाल्या, "कशासाठी धरलं होतंस गं?" म्हटले, "घरचंच."

पुढचा सोमवार होळीचा. नैवेद्याची पोळी प्रसाद म्हणून खपेल. त्याच्या पुढच्याचे काय करायचे, सुचत नाही.

सोमवार, १४ मार्च

काहीच सुचले नाही. सहा वाजता हे आपण होऊन देवघरासमोर पाट टाकून बसले.

"प्रसाद?"

"व्रत संपलं."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरं धर. सोमवारी मला भीती वाटते."