लंडनच्या काकांचं सुतक

उज्जैन, गुढीपाडवा २००१, संध्याकाळ

आज पाडवा, आणि घरात ना गुढी, ना श्रीखंड! परवा देवास गेटच्या सायबर कॅफेत एका वकिलाची ईमेल आली. आमच्याच आडनावाचे कोणी गृहस्थ लंडनला वारले, मागे वारस नाही, सगळे पौंड म्हणे माझेच. हुरळून घरी सांगितलं. आई पौंडांबद्दल चकार शब्द बोलली नाही. म्हणाली, "भाऊबंद गेला म्हणजे सुतक आलं." श्रीखंडासाठी बांधलेला चक्का शेजारच्या शर्माजींकडे गेला. माझ्या डोळ्यांदेखत गेला.

"अगं, पण तो आपला कशावरून?"

"मग त्या वकिलाला गोत्र विचार. आणि गेल्याची तिथी."

खरंच विचारलं. लाज वाटली, पण तो चक्का डोळ्यांसमोरून हलेना. आज त्याचं उत्तर आलं. तिथीबद्दल अवाक्षर नाही. गोत्राचा दाखला मात्र मिळेल, फी आधी पाठवा!

आईला वाचून दाखवलं. "गोत्राचे पैसे मागतो? हा लंडनचा कसला, आपल्या राम घाटावरचाच कोणी चालू भटजी दिसतो. सुतक-बितक काही नाही. जा, चक्का परत आण."

धावत गेलो. शर्माजी दारातच ढेकर देत म्हणाले, "भाईसाहब, श्रीखंड तो लाजवाब बना. और हाँ, चाचाजी का सुनके बड़ा दुख हुआ."