सांताचा कारकून

२४ नोव्हेंबर १९९७, सोमवार

किरणकुमारच्या डोक्यात पुन्हा किडा वळवळला! हा माझा पुतण्या, बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या छापखान्याचा मालक. आणि मी त्याच्या पदरी मुद्रितं तपासणारा काका. धनुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे पत्रिका नाहीत, म्हणजे यंत्रं नुसती उभी — म्हणून यंदा आम्ही सांताक्लॉजची पत्रं विकायची! आईबापांनी एक अर्ज भरून द्यायचा. मुलाचं नाव, वय, एक चांगलं काम, एक वाईट सवय, आणि शेवटचा रकाना : सांताने काय सांगावं? मग नाताळाच्या आत त्या मुलाला उत्तर ध्रुवावरून नावानिशी पत्र.

"छापलेलं नको काका, आजकालची पोरं फसत नाहीत. तुमच्या हातचं पाहिजे. पाकिटांवर नावं घालता ना, तसलं."

तीस वर्षं लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर लोकांची नावं घातली. वळणदार अक्षराचे हणमंतराव म्हणून चार माणसं ओळखतात. आता ह्या लाल टोपीवाल्याची कारकुनी! म्हणालो, मी जन्मात बर्फ पाहिलेला नाही. म्हणतो, "गिऱ्हाइकांनी तरी कुठे पाहिलाय?"

२७ नोव्हेंबर

नमुन्याचं पत्र काचेत लावलं. बाहेर फुलकोबीची गाडी, मटणाचं दुकान, बसचा धूर. आत माझ्या अक्षरात : 'इथे सध्या फार बर्फ पडतो आहे.' बस स्टँडजवळच्या शिक्केवाल्याकडून उत्तर ध्रुवाचा गोल शिक्काही करून आणला. शिक्केवाल्याने विचारलं, पिनकोड काय घालू?

लोक थांबून वाचतात. वाचून हसत निघून जातील असं वाटलं होतं. आत येतात!

२ डिसेंबर

अर्जांची चळत आली. ह्या आईबापांना सांता नकोच आहे, शाळा तपासनीस पाहिजे. 'गणितात पंच्याण्णवच्या खाली आल्यास भेट रद्द असं ठणकावून सांगावं.' 'रागीची आंबील प्यावी.' 'अंगठा चोखू नये.' एका बाईंचं : 'आजीला उलट बोलू नये' — आणि शेजारी बारीक अक्षरात, 'आईकडच्या आजीला.' वडिलांकडच्या आजीला बोललेलं चालेल, असा सांताचा निकाल! लिहिलं. माझ्या बापाचं काय जातंय.

एकाचं मात्र डोक्यात गेलं. शेवटच्या रकान्यात : 'तुझ्या डॅडींना तुझा अभिमान वाटतो.' खाली डॅडींचीच सही. अरे, पोरगं तुझ्याच घरात झोपतं ना? दोन पावलं टाकून सांगायला मधे दाढीवाला कशाला लागतो? हा कसला बाप? उधारीची चिठ्ठी पाठवणारा वाणी!

३ डिसेंबर

एकोणतीस पत्रं. अंगठ्याच्या मुळाशी ठणका. सांताला चष्मा का असतो ते कळलं.

८ डिसेंबर

जेवताना म्हणालो, "शारदा, त्याला सांग, मोरीतला नळ नीट बंद करत जा म्हणावं."

तो माझ्यापासून दोन हातांवर बसलेला. भात कालवता कालवता म्हणतो, "आई, त्यांना सांग, वायसर गेलाय. रविवारी घालतो म्हणावं."

शारदा दोघांकडे बघून : "एक खाकी डगला शिवा मला. टपालखात्यातच जाते."

उगादीच्या पाडव्यापासून हे असंच. आठ महिने झाले. चिरंजीव संतोषकुमार बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कुणाला न विचारता कॉलेज सोडलं आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर जाऊन उभे राहिले. आमच्या घरात तीन पिढ्या लेखणी धरलेली माणसं — आणि हा नखांत काळं घेऊन घरी येतो! उगादीच्या जेवणाला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी म्हणालो, "ह्याला तांब्या वेगळा द्या, हात तेलकट आहेत." पाहुणे हसले. तो पानावरून उठला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही, तो माझ्याशी नाही. त्याने आधी बोलावं. वीस वर्षांचा घोडा आहे. पानावरून उठतात?

११ डिसेंबर

आज छापखान्यात आकांत!

पत्रं घडी घालून पाकिटात भरायचं काम शारदाकडे आहे. लग्नपत्रिकांचंही तीच करते, घरी बसून. काल ऐंशी पाकिटं तयार करून दिली. किरणने गठ्ठा सोडला आणि किंचाळला. ऐंशीच्या ऐंशी पाकिटांच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू! सांताक्लॉजच्या पत्रांना!

"काकू, हे काय केलं!"

"काय केलं? कोरं पाकीट कुणाच्या दारात पाठवायचं असतं होय रे? अशुभ दिसतं ते."

"अहो, हे क्रिश्चन लोकांचं असतंय!"

"त्यांना काय शुभ नको का?"

नवी पाकिटं छापायला वेळ नव्हता. तशीच गेली.

मी खूप दिवसांनी पोट धरून हसलो. घरी येऊन बघतो तर आतल्या खोलीत तोही आईला विचारून विचारून हसत होता. मला पाहून गप्प झाला. मीही.

१३ डिसेंबर

तक्रारी किती? एक! तीही हळदीची नव्हती, पोराच्या नावात एक अक्षर कमी पडलं होतं. उलट दोन बायका येऊन म्हणाल्या, आम्हाला ते पिवळं-लाल लावलेलंच पाहिजे. कॉक्स टाउनच्या एका पोराने शाळेत सांगितलं म्हणे, सांता केक खात खात पत्र लिहितो, त्याच्या मसाल्याची बोटं लागलीत. किरण आता हळदकुंकवाचं श्रेय स्वतःकडे घेतोय. शरम नावाची वस्तू ह्या माणसाला जन्मतःच दिलेली नाही.

१७ डिसेंबर

शारदा भाजी निवडताना सहज बोलल्यासारखं बोलली. संतोषला चिंचवडला नोकरी लागली. मोठा कारखाना, संगणकावर चालणारी यंत्रं. तीस तारखेच्या गाडीने जातोय.

"कधी ठरलं?"

"महिना झाला."

महिना! घरात महिनाभर ठरलेलं आणि मला भाजीबरोबर कळतं!

"त्याला सांग —" म्हणालो आणि पुढे काय सांगायचं ते सुचेना.

"काय सांगू?"

"काही नाही. जा म्हणावं."

जाईल आणि तोंडावर पडेल. तिकडे हा 'स्वल्प सरका की' म्हणणार आणि पुणेकर खो खो हसणार. इथली मराठी इथेच चालते. कुणी जेवायला वाढताना दुसऱ्यांदा विचारणार नाही. हा आपणहून मागणाऱ्यातला नाही. पण माझं काय जातंय!

१९ डिसेंबर

आज एक गृहस्थ स्वतः दुकानात आले. टाय, बॅग, कसल्याशा कारखान्यात मोठे अधिकारी. आठ वर्षांच्या मुलासाठी अर्ज. बाकीचे रकाने भरलेले, शेवटचा कोरा. पेन हातात धरून दहा मिनिटं उभे. शेवटी माझ्यापुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, मुलाला गेल्या आठवड्यात मारलं. उगाच मारलं. सांताने तेवढं काहीतरी बघावं.

मी म्हणालो, "घरी जाऊन तुम्हीच सांगा ना. सांताला कशाला त्रास?"

"बायल्ली बरल्ल, सार."

तोंडातून येत नाही म्हणे! दोनशे माणसांना हुकूम सोडणारं तोंड. मी हसलो. त्यांच्या देखतच हसलो. ते अर्ज ठेवून निघून गेले. छान पत्र लिहिलं मी त्यांचं. दोन वेळा वाचून पाहिलं. असल्या बापांच्या पोरांना निदान अक्षर तरी चांगलं मिळो.

२१ डिसेंबर, रविवार

माझ्या जुन्या पेनाचं टोपण गेल्या महिन्यापासून चिरलेलं. दोरा गुंडाळून चालवत होतो. सकाळी मेजावर पेनाशेजारी एक नवं टोपण. पितळेचं. आतून आटे पाडलेले, बाहेरून बोट सरकू नये म्हणून बारीक खाचा. फिरवून पाहिलं. अडीच फेऱ्यांत बसतं, जरा हलत नाही. शाई गळत नाही. खाचा मोजायचा प्रयत्न केला, सगळ्या एकसारख्या. तीस वर्षं ओळी सरळ आहेत की नाहीत हे बघण्यात गेली, तेव्हा एवढं मला कळतं.

शारदाला विचारलं. "मला काय माहीत? मी फक्त ठेवलं."

वजन थोडं जास्त आहे.

नळही गळायचा थांबलाय.

२४ डिसेंबर

शेवटचा गठ्ठा दुपारी गेला. एकूण चारशे बारा पोरांना मी प्रेमाने पत्रं लिहिली आहेत. छापखान्यात सगळे बोंडा खात होते. दोन कोरे अर्ज उरले होते, ते खिशात घालून घरी आलो.

एक भरला. नाव : संतोषकुमार. वय : वीस. चांगलं काम : पेनाचं टोपण. वाईट सवय : बापावर गेला आहे.

शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्या टायवाल्याचं थांबलं होतं तसंच! पाच कागद फाडले. 'प्रिय संतोष' लिहिलं की पुढे उपदेश येतो. खाली 'तुझा अप्पा' लिहायला गेलं की हात आखडतो. चारशे बारा अनोळखी पोरांना वाट्टेल ते लिहिणारा हात!

मग सांताचाच कागद घेतला, लाल नक्षीचा. लिहून टाकलं :

'प्रिय संतोषकुमार, टोपण नेमकं बसलं. आटे सुरेख पाडले आहेस. असलं काम हात काळे केल्याशिवाय होत नसणार. उगादीला तुझ्या वडिलांचं चुकलं, असं माझ्या कानावर आलं आहे. तिकडे थंडी असते, कानाला बांधत जा. तुझा, सांता.'

वर शिक्काही मारला! मी — हा मी — चिठ्ठी पाठवणारा वाणी! ज्यांना महिनाभर हसलो त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहिलो. सगळ्यांत शेवटी. शारदाच्या हातात पाकीट दिलं. तिने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि कुंकवाचा करंडा उघडला.

२५ डिसेंबर

त्याने वाचलं. शारदा म्हणते, दोनदा वाचलं. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि डबा घेऊन कामावर गेला. बस्स.

मला काय वाटलं होतं? पाया पडेल? वीस वर्षांच्या माणसाला लाल टोपीवाल्याचं पत्र! हसला असेल कारखान्यात सगळ्यांना दाखवून. मीही हसलो असतो.

२८ डिसेंबर

घरात चिवडा, लोणचं, दोन स्वेटर, गाठोडी. किरणकुमार येऊन विचारून गेला, स्टेशनवर जायला मोटार पाठवू का? म्हणालो, शारदासाठी पाठव. मला मंगळवारी मुद्रितं आहेत. संक्रांतीनंतरच्या लग्नांच्या पत्रिका सुरू झाल्या. शारदाने लोणच्याच्या बरणीवर फडकं करकचून बांधलं.

तो बूट पुसत बसला होता. मी दारातून दोनदा गेलो. दोनदा पाणी प्यायलो. तहान नव्हती.

२९ डिसेंबर

शारदामार्फत कानटोपी दिली.

३० डिसेंबर, मंगळवार

छापखान्यातून मुद्दाम उशिरा, पाचनंतर आलो. तो चारलाच मित्रांबरोबर सामान घेऊन गेला होता. मेजावर पाकीट. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. आत आमचाच छापील अर्ज, त्याच्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात भरलेला.

मुलाचं नाव : हणमंतराव. वय : चोपन्न. चांगलं काम : अक्षर. वाईट सवय : आपली चूक दुसऱ्याच्या सहीने कबूल करतात.

सांताने काय सांगावं : 'सांता नको. गाडी आठची आहे. अप्पांना येऊ दे.'

शारदा दारात उभी. नवी साडी, किरणची मोटार थांबवलेली, माझ्या चपला सरळ करून ठेवलेल्या. पेन खिशात टाकलंय. तोंडाने काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.