त्या नावाला ओ नाही

१५ फेब्रु. १९७९, गुरुवार
कंपनीची गुरुवारची सुट्टी. सकाळच्या एस.टी.ने गावी. बायको, शांता, नदीवरून पाणी घेऊन आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नदी कसली, डबकं. फडक्याने गाळलं तरी वास जात नाही. सरकारी विहीर मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर. दिवाळीत सरपंचाच्या भावाने, बाजीरावने, तिथे शांताची भरलेली कळशी लाथेने कलंडवली. तेव्हापासून आमच्या वस्तीला विहीर बंद. पोलीस म्हणाले मिटवून घ्या, म्हणून वडिलांनी, आबांनी, वकील गाठून कोर्टात फिर्याद केली. चौघांनी मिळून. आज तिसराही मागे सरला. त्याची पोरं बाजीरावच्या मळ्यात कामाला, त्याला काय बोलणार? मी तरी कुठला शूर. चिंचवडला नळाचं पाणी पितो. खोली कामगारांनी भरलेली, एकाच कॉटवर पाळीपाळीने झोपतो, म्हणून बायको गावी आबांपाशी ठेवलेली.
आबा एवढंच म्हणाले, "म्या हाय ना अजून."

२१ फेब्रु., बुधवार
तारीख. रजा टाकून गेलो. पुकारा झाला आणि आबा भिंतीकडे बघत बसले. शेवटी मीच "हजर" म्हणालो आणि त्यांना दंडाला धरून आत नेलं. दर तारखेला हेच.
कारण नाव. कारकुनाने रेशनकार्ड आणि सातबारा बघून जुनं नाव घातलं. राघ्या वल्द सखा, आणि पुढे जात. तो शब्द मी इथे लिहीत नाही. दीक्षा घेतली त्या दिवशी आबांनी ते नाव टाकलं. राघोजी सखाराम गायकवाड. त्या नावाशिवाय ओ द्यायची नाही, हा त्यांचा नेम. मामा एकदा थट्टेत जुन्या नावाने बोलले तर वर्षभर त्यांच्याशी अबोला.
वकीलसाहेब चांगले आहेत, पण घाईत असतात. "आबा, आता नाव बदलायला गेलो तर समोरचा वकील तेवढ्यावरच वर्ष काढेल. कागदावर आहे ते राहू द्या, तुम्हाला पाणी मिळाल्याशी मतलब."
आबा म्हणाले, "ज्या नावाचा इटाळ व्हतो म्हनून पानी बंद, त्येच नाव सांगून पानी मागायचं व्हय?"
कागदावर नाव तेच राहिलं. पुढची ता. २८ मार्च.

१६ मार्च, शुक्रवार
रजेचा अर्ज परत. फोरमन म्हणाला, "मार्चअखेर आहे राव, माल बाहेर पडायचाय. सगळ्यांच्या रजा बंद. पर्मनंटवाल्यांना मिळत नाही, तू तर टेम्पररी." जूनमध्ये कन्फर्म करणार म्हणतात. आता खाडा केला की संपलं.
वर विचारतो, "कसली रे केस?"
जमिनीची म्हणालो. तोंडातून आपोआप बाहेर पडलं. सगळ्यांबरोबर डबा खातो, एकाच कूलरचं पाणी पितो, कुणी विचारत नाही, मी सांगत नाही. मशीनवर उभं राहून दिवसभर कोंडल्यासारखं वाटलं. कोर्टात गेलो तर नोकरी जाते, नाही गेलो तर केस जाते. आणि नोकरी गेली तर केस चालवायची कशावर?

२२ मार्च, गुरुवार
गावी. आबांना समजावलं. फिर्यादी हजर नसला तर आरोपी सुटतो, कायदाच तसा. पुकारा झाला की एकदा फक्त हजर म्हणा, मान खाली घालून म्हणा, डोळे मिटून म्हणा. आबा चिलीम भरत राहिले. हो नाही, ना नाही. शांताला बरोबर पाठवावं तर शेळी कालच व्यालीय, घरात पाण्याचा थेंब नसतो, ती दिवसभर नदीच्या वाटेवर. दुसरं माणूस नाही. वकीलसाहेब असतीलच की तिथे.

२८ मार्च, बुधवार
आज तारीख. मशीनवर माझ्या हातून दोन जॉब बिघडले, रिजेक्ट झाले. फोरमन बोलला ते ऐकलंच नाही.

२९ मार्च, गुरुवार
केस गेली.
आबा वेळेवर पोचले होते. वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेले. आबांच्याच तोंडून: "तीनदा वरडला त्यो. म्या खांबाला टेकून बसलो व्हतो. समदं आयकत व्हतो."
"मग उठला का नाही?"
"मला कुटं बोलावलं त्येनं?"
फिर्यादी गैरहजर, आरोपी सुटला. दारापासून चार पावलांवर बसलेला माणूस गैरहजर.
इतका संताप आला की बाहेर जाऊन बसलो. शांता रोज पायपीट करते आणि ह्यांना नेम पाळायचाय. मग वाटलं, मी असतो तर उठलो असतो. त्या नावाला, आणखी कुठल्याही नावाला. ते जास्त लागलं. जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल, रविवार
काल जयंती. हाफ डे घेऊन गेलो. निळे झेंडे, लेझीम, पण आबा ओट्यावरून उतरले नाहीत. गावात पसरलंय की म्हाताऱ्याने माघार घेतली, आतून मिटवलं. बाजीरावने मारुतीपुढे पेढे वाटले म्हणे. मागे सरलेले तिघे आता आमच्याशी फार गोड बोलतात. आबाही त्यांच्यातलाच निघाला म्हणून त्यांना हलकं वाटत असणार. आबा कुणालाही खुलासा करत नाहीत. मी करायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ज्याला कळायचं त्याला कळंल."
कुणालाच कळणार नाही, हे त्यांना कोण सांगणार?

१९ एप्रिल, गुरुवार
वकीलसाहेबांकडे, शांताही आली. त्यांनाही वाईट वाटतंय, नजरेला नजर देत नव्हते. म्हणाले दोन वाटा. एक, हायकोर्टात अपील, आणि त्यात म्हातारा आजारी होता असं शपथेवर लिहायचं. आबा खोटी शपथ घेणार नाहीत, म्हणजे ही वाट बंदच. दुसरी, नवी फिर्याद.
"पण त्यासाठी नवा प्रसंग घडावा लागेल. पुन्हा कुणीतरी विहिरीवर जायला हवं आणि पुन्हा अडवलं जायला हवं. साक्षीदारांसमोर."
शांता म्हणाली, "मंग मीच जाते की. आन् फिर्यादीत माजंच नाव लिवा. मला हाक मारली तर मी उठंन."
येताना एस.टी.त ती खिडकीपाशी झोपली. मला झोप नाही. बायकोला कुणीतरी अडवावं, ढकलावं, म्हणून तिला विहिरीवर पाठवायचं. आणि कोणी बघतंय ना, एवढं पाहायला मी उभा राहायचं. हा कायदा आपल्याच बाजूचा आहे म्हणतात.

२६ एप्रिल, गुरुवार
आज जायचं ठरलं होतं. मी पुढच्या गुरुवारवर ढकललं. साक्षीदार नाही म्हणालो. खरं म्हणजे भीती. शांताने ओळखलं, कळशी घेऊन नदीला गेली.

३ मे, गुरुवार
गेली.
सकाळची वेळ, विहिरीवर गर्दी. मी आणि वस्तीतली दोन माणसं चिंचेखाली. शांताने पोहरा सोडला. बाजीराव कठड्याजवळ बसला होता. हललाही नाही. अडवलं की नवी फिर्याद होणार, ही वकिलाकडची बातमी त्याच्यापर्यंत पोचली असणार. गावातल्या बायका मात्र एकेक करून उठल्या आणि रिकाम्या कळश्या घेऊन घराकडे गेल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. शांताने कळशी भरली, डोक्यावर घेतली.
ती निघाली तसा बाजीराव म्हणाला, अगदी सहज, "काय गं, रोज येनार का नवऱ्याच्या सुट्टीलाच?"
"रोज येनार," ती म्हणाली.
त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला.
घरी आबा तांब्याभर पाणी प्यायले. दुसरा मागितला. डोळे भरले होते. मलाही आनंद व्हायला हवा होता. फिर्याद करायला काही घडलंच नाही, आणि घडेल तेव्हा मी तिथे नसेन. दोन दिवस जाऊ नको म्हणालो शांताला. ती म्हणाली, "मंग आज कशाला गेले?"
संध्याकाळच्या गाडीने परत. उद्या शुक्रवार. माझी फर्स्ट शिफ्ट आहे.