राणीचं तोंड बंद होतं

बाई,

तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि मेलेल्या माणसाला कामातली अडचण विचारावी इतकी काही मी भाबडी नाही. पण ही अडचण तुमच्यामुळेच उभी राहिली आहे, तेव्हा ऐकून घ्या. मी परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहिते. पडद्यावरची माणसं इंग्रजीत ओठ हलवतात, त्या ओठांवर बसतील असे मराठी शब्द मी शोधते, आणि मग मुंबईत कुणीतरी ते बोलतं. चिकलठाण्याला विमानतळाजवळ नव्या इमारतीत माझं घर आहे, विमान उतरलं की खिडकीची तावदानं थरथरतात, आणि तिथंच जेवणाच्या टेबलावर हा सगळा उद्योग चालतो. सध्या हातात आहे ती आर्थर राजाची मालिका. तुम्ही वर्गात सांगायचात तीच गोष्ट, दगडातून तलवार उपसणाऱ्या पोराची, फक्त इथं ती बायकांच्या बाजूनं सांगितली आहे. राणी, राजाची बहीण आणि तळ्यातली ती बाई, या तिघींचंच राज्य. राजा बिचारा दारातून आत येतो, काहीतरी विचारतो आणि आल्या पावली परत जातो. तुम्ही पाहिली असतीत तर नाक उडवून म्हणाला असतात, यात नवं काय, मी हेच तर करत होते.

ते खरंच होतं. जुन्या शहरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत तुमच्या दोन खोल्या, शनिवारची दुपार, भाड्यानं आणलेला व्हीसीआर आणि चटईवर दाटीवाटीनं बसलेल्या बायका. हिंदी सिनेमा असला की तुम्ही मागं बसून स्वेटर विणायचात. पण मधूनच तुम्ही हट्टानं एखादी इंग्रजी कॅसेट आणायचात, आणि मग टीव्हीशेजारी खुर्ची टाकून, आवाज बारीक करून, सिनेमा तुम्हीच सांगायचात. घोड्यावरचे पुरुष कितीही तावातावानं बोलले तरी तुमचं भाषांतर एवढंच, "भांडतायत. चालू द्या." बाईमाणूस पडद्यावर आलं की मात्र तुमची पाठ ताठ व्हायची. तो आर्थर राजाचा सिनेमा लागला तेव्हा त्यात राजाची बहीण चेटकीण होती, काळी वस्त्रं, जळती नजर. तुम्ही सांगून टाकलंत, "चेटकीण वगैरे काही नाही. शिकलेली आहे, म्हणून हे तसं म्हणतात." सगळ्या बायकांना ते लगेच पटलं. मला तोवर तुमच्याच कृपेनं थोडं इंग्रजी कळायला लागलं होतं. मी तुमच्या कानाशी लागून म्हणाले, "बाई, ती असं नाही म्हणाली." तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्याला असा चिमटा काढलात की डोळ्यात पाणी आलं. "ती म्हणते तेवढंच सांगायचं असतं तर मी कशाला बसले असते इथं?"

त्या दुपारी खोलीत नेहमीचं वातावरण नव्हतं, हे मलासुद्धा कळत होतं. समोरच्या घरातल्या काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे त्यांची सून. तिला आम्ही पोरी वहिनी म्हणायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेराहून येताना लासूर स्टेशनला ती कुणा परक्या पुरुषाबरोबर चहा पिताना दिसली, असं काकूंच्या भाच्यानं येऊन सांगितलं होतं. सोमवारी तिला माहेरी पोचवायचं ठरलं होतं, आणि ते पोचवणं कायमचं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. वहिनी त्या आठवड्यात कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. काकूंनी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही. तरीही काकू तिला सिनेमाला घेऊन आल्या होत्या. घरी एकटी ठेवायला नको म्हणून.

पडद्यावर राणीला खांबाला बांधतात. सरदाराशी तिचं सूत जुळलं म्हणून तिला जिवंत जाळायचं ठरलं आहे. लाकडं रचलेली आहेत, माणसं जमली आहेत, वारा सुटला आहे, आणि राणी नुसती समोर बघते आहे. ओठ घट्ट मिटलेले. सिनेमात त्या जागी एकही शब्द नाही. खोलीतही नाही. एकेक बाई हळूच मान वळवून वहिनीकडे बघते आणि परत पडद्याकडे वळते. मी तुमच्याकडे बघते आहे, कारण मला वाटतं आता तुम्ही म्हणाल, जाऊ द्या, पुढे ढकलू. तुम्ही चष्मा नाकावर सरकवता आणि राणी बोलायला लागते. "मला कुणी विचारलंच नाही. राजानं विचारलं नाही, पुरोहितानं विचारलं नाही, बघायला जमलेल्या बायकांनीही विचारलं नाही. आधी विचारा, मग खुशाल पेटवा."

पहिल्यांदा बोलल्या त्या शेजारच्या खाला. "अगे बाई, मुँह तो बंद है उसका. बोली कब?"

"मनात बोलतेय," तुम्ही म्हणालात.

काकूंनी पडद्यावरून नजर काढली आणि तुमच्यावर रोखली. "शिनेमा सांगा गप. आमच्या घरात शिरायचं काम नाय." तुम्हीही नजर हलवली नाहीत. मग काकू जागच्या जागी मागे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. "घे. विचारते. कोण होता तो? आता विचारलं नाय म्हणून सांगत फिरू नको."

वहिनीनं तुमच्याकडे पाहिलं, मला ते स्पष्ट आठवतं. तुम्ही मान हलवलीत, बोल म्हणून. आणि ती बोलली. "माझ्या वर्गातला व्हता. लग्नाच्या आधी मला आवडायचा. चहा पेले, दुसरं काय नाय." खालांनी "या अल्लाह" म्हणून तोंडावर पदर घेतला. पहिलं आणि शेवटचं वाक्य कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, मधलं तेवढं राहिलं. काकू उठल्या, त्यांनी सुनेचा दंड धरला आणि दोघी जिना उतरून गेल्या. सिनेमा चालूच होता. घोडी उधळत आली, सरदारानं येऊन राणीचे दोर कापले, पण बघत कुणी नव्हतं आणि सांगत तर तुम्हीही नव्हतात. सोमवारी तिचा नवरा बॅग घेऊन पुढे आणि ती मागे, असे दोघं बसस्टँडकडे गेले. तो एकटाच परत आला. त्यानंतर तुम्ही इंग्रजी कॅसेट आणली नाहीत.

कॉलेजात गेल्यावर मी एकदा धीर करून तुमच्याकडे हा विषय काढला होता. तुम्ही म्हणालात, "निदान तिला कुणीतरी विचारलं तरी." तेवढ्या एका वाक्यावर मी आजवर निभावून नेलं. कुणी म्हणालं की मी मूळ संवादात स्वतःचं फार घालते, तर मला आतून वाटायचं, घालणारच. मी कुणाची विद्यार्थिनी आहे ते त्यांना ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात मालिकेचा तोच प्रसंग आला. इथंही राणी खांबाला बांधलेली, इथंही वारा, इथंही ती गप्प. मुंबईहून काम देणाऱ्या पोराचा फोन आला. बोलायला गोड आहे, पण त्याला सगळं कालच हवं असतं. "मॅडम, सीरिज लेडीजच्या बाजूनं आहे आणि मेन लेडीच इतका वेळ शांत? आपला प्रेक्षक पुढं ढकलतो मग. तिच्या मनातलं टाका ना दोन-तीन वाक्यांत. काहीतरी पॉवरफुल." मी हसले आणि तुमची वाक्यं जशीच्या तशी लिहून काढली. काय बसली, बाई! वाऱ्यावर बसली, डोळ्यांवर बसली. पण पाठवायला हात होईना. ती वाक्यं फुकटची नव्हती, आणि किंमत मोजणारी वहिनी लासूर स्टेशनला खानावळ चालवते हे मला ठाऊक होतं. एकदा वैजापूरला जाताना गाडीतून मी तिला ओळखलं होतं. तेव्हा थांबले नव्हते. या वेळी मुद्दाम गेले. तिला विचारायला गेले असं म्हणायला बरं वाटतं. खरं तर तुमच्या बाजूचा दाखला आणायला गेले होते.

दुपारची वेळ होती, मार्केट यार्डातली माणसं जेवायला बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. गुलमंडी म्हटल्यावर तिचा भाकरी थापणारा हात थांबला, बाईंची विद्यार्थिनी म्हटल्यावर पुन्हा चालू झाला, जरा जोरात. मी भीत भीत माझं काम काय ते सांगितलं आणि मोबाइलवर तो प्रसंग लावला. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बघत राहिली.

"त्या दिसची हीच का?"

"नाही, ही नवी आहे. गोष्ट तीच."

"ही कुणाची तरी वाट बघतीय," ती म्हणाली. "कान कुठं हाय बघ तिचा."

एवढ्या वेळा तो प्रसंग बघूनही मी ते पाहिलं नव्हतं. राणीनं मान किंचित वळवली आहे. मागून, फार लांबून, वाऱ्यात मिसळून टापा ऐकू येतात. तिला ठाऊक आहे की सरदार येणार आहे. आणि मी त्या टापांवर तुमची वाक्यं चढवून बसले होते.

मी विचारलं, "वहिनी, बाई तेव्हा बोलल्या ते चुकलं का?"

तिनं तवा उतरवला. नंतर ती जे बोलली ते मी तुम्हाला तिच्याच शब्दांत सांगते, माझं काही घालत नाही. "माझ्या नवऱ्याला समदं ठाऊक व्हतं. लग्नाच्या पहिल्या महिन्यातच मी त्याला सांगितलं व्हतं. आमचं दोघांचं ठरलं व्हतं. आई म्हणती तर जा, दिवाळीपर्यंत माहेरी ऱ्हा, कुणी कायबी बोलू दे, तू तोंड उघडू नको, दिवाळीला मी न्यायला येतो. त्याची आई तशी वाईट नव्हती, राग उतरला की मऊ व्हायची. म्हणून गप व्हते मी. समद्या गल्लीसमोर बोलले, मग त्यो कसा येणार?"

"मग बोललात कशाला? नसतं बोलायचं."

"बाई माझ्यासाठी भांडल्या ना. समद्या बायका बघाया लागल्या. मला वाटलं, आता मी गप बसले तर बाईंची मान खाली जाईल." ती थोडी हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "राणीला कुणी विचारलं नाय म्हणल्या. मला त्यांनी तरी कुठं विचारलं? समोरच राहत व्हते. एकदा आमचा जिना चढून यायचं."

बाई, मला तुमचा राग आला. माझा तर त्याहून जास्त. माझ्यापुढं जेवणाचं ताट आलं, आणि ती शेजारी उभी राहून वाढतच होती. आयुष्यभर मी ज्या ज्या गप्प बाईच्या तोंडी शब्द घातले तिचं आधी काही ठरलेलं असेल, असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तुमच्याही आलं नसावं. तुमचं मन खोटं नव्हतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण घर तिचं मोडलं.

घरी येऊन मी ती वाक्यं काढून टाकली आणि मुंबईला कळवलं की राणी गप्प राहील, फक्त टापांचा आवाज थोडा वर घ्या. त्यानं "ओके मॅडम" एवढंच लिहिलं. पुढचा भाग बहुतेक दुसऱ्या कुणाला देईल. देऊ दे.

एक मात्र तुमच्यापासून लपवत नाही. मी निघाले तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बाई कशा हायत आता? थकल्या असतील." मी म्हटलं, "बऱ्या आहेत." ती म्हणाली, "मग घेऊन ये की एकदा. जेवायला घालते, आन् काय सांगायचं ते तोंडावर सांगते." मी म्हटलं, "आणते." तुम्ही गेलात म्हणून सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथं हात जोडले असते, चांगल्या होत्या बिचाऱ्या म्हणाली असती आणि विषय मिटला असता. गेलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही. तिला तुमच्याशी भांडायचं आहे, इतकी वर्षं ती त्यासाठी थांबली आहे, आणि तेवढंही तिच्याकडून काढून घ्यायला माझी जीभ रेटली नाही. गुरुवारी या म्हणाली आहे. गुरुवारी गर्दी कमी असते.