पेन्सिल न लागलेली प्लेट

आबा,

काल मुंबईत माझ्या फोटोंचं प्रदर्शन उघडलं. मोठा हॉल, चारी भिंतींवर माझेच फोटो, आणि दारात छापील अक्षरांत माझं नाव. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी उंबरठा ओलांडताना मी पदर सारखा केला, तो तुम्ही आत बसला असाल या धाकानंच. भाताच्या गिरणीत कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या बाया, घाटात रुळांखाली खडी भरणारे गडी, खोपोलीला डोंगरावरून पाण्याचे अजस्र नळ उतरवणारे मजूर, सगळे ओळीनं टांगलेले. कुणाच्या अंगात कोट नाही, बुडाखाली खुर्ची नाही, मागं रंगवलेला पडदा नाही. एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, ह्या लोकांनी तुम्हाला फोटो काढायला सांगितलं होतं का?" मला हसूच आलं. हा प्रश्न तुमचा. फक्त तुम्ही तो ओरडून विचारायचात.

भिसेगावातलं आपलं दुकान म्हणजे पुढं पडदा आणि खुर्ची, मागं आईचा स्वयंपाक. दुपारची जेवणं आटोपली की त्याच स्वयंपाकघराच्या खिडकीला गोणपाट लावून अंधारात आपण फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायचो, आणि त्या औषधाची, हायपोची बरणी मिठाच्या बरणीशेजारी ठेवली म्हणून आई दोघांनाही फैलावर घ्यायची. पण तुमची खरी करामत होती पेन्सिलीची. काचेच्या प्लेटवर, माणसाच्या चेहऱ्याच्या जागी, सुईसारख्या टोकानं बारीक बारीक ठिपके देत तुम्ही सुरकुत्या घालवायचात, देवीचे व्रण बुजवायचात. कर्जतच्या व्यापाऱ्यांच्या घरोघरी तुमच्या हातचे गुळगुळीत चेहरे टांगलेले होते. ते काम तुम्ही मला शिकवलंत आणि मला ते छान जमायचं. औषधांनी माझी बोटं कायमची काळी झाली. बघायला आलेले लोक ती बोटं बघून उठून गेले, तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं. मला नाही वाटलं, आज स्पष्टच सांगते.

त्या वर्षी आश्विनात मी तुम्हाला न विचारता कॅमेरा आणि तिपाई घेऊन वरच्या ठाकरवाडीत गेले. उतारावर नाचणी उभी होती, कणसं भरलेली, मागं डोंगराचा सुळका. वाडीतली माणसं शेतात उभी होती तशीच मी घेतली. परत आल्यावर तुम्ही प्लेट बघितलीत आणि म्हणालात, "ज्यानं मागितला नाही त्याचा फोटो काढायचा म्हणजे न बोलावता पंगतीला जाऊन बसायचं. कळतं का गं तुला?" मी उलट बोलले. आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, आणि मीही तुमचीच मुलगी.

मग चैत्रात ती भानगड उभी राहिली. कोळशाच्या भट्ट्या लावणाऱ्या एका ठेकेदारानं खालापूरच्या कचेरीत अर्ज दिला, की वाडीवरचा उतार पडीक आहे, तिथं कुणी कधी पिकवलेलं नाही, तो मला द्यावा. पाहणीला कारकून गेला तो चैत्रात. चैत्रात तिथं दगडांशिवाय काय दिसणार? त्यानं लिहून टाकलं, पडीक. उतार गेला असता तर वाडीला पोट भरायला दुसरी जागा नव्हती. वाडीतली एक म्हातारी उतरून दुकानात आली आणि तुमच्यासमोर मला म्हणाली, "पोरी, तू आमची नाचणी काचंत धरलीस ना? ती सायबाला दाव गं. आमच्या बोलन्यावर कोन इस्वास ठेवतंय?" तुम्ही आत निघून गेलात.

सुनावणीला मी एकटी गेले. प्लेट आणि छापलेला फोटो महालकरी साहेबांच्या टेबलावर ठेवला. ठेकेदार हसत उठला. "सायेब, फोटोवाल्याची पोरगी हाय ही. पेन्सिलीनं म्हाताऱ्याला तरणा करत्यात हे लोक. नाचणी काडायला कितीसा येळ लागतोय?" साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खरं तेच सांगत होते, पण माझ्या शब्दाला तिथं वजन नव्हतं. वाडीची माणसं भिंतीला टेकून उकिडवी बसली होती, त्यांच्याकडं बघायची मला हिंमत होईना.

आणि मागून तुमचा आवाज आला. पहाटे निघून बैलगाडीनं आला होतात, धोतर धुळीनं लाल. "साहेब, तीस वर्षं मी पेन्सिलीवर जगतोय. ह्या शेटच्याच गालावरची चामखीळ मी फोटोतून काढली. आधी गाल बघा, मग त्यांच्या घरचा फोटो मागवा." कचेरीतली सगळी डोकी ठेकेदाराकडं वळली. त्यानं गालावर हात ठेवला आणि शिपायासकट सगळे हसले. गिऱ्हाइकाचं जे गुपित तुम्ही कधी बाहेर फोडलं नाहीत, ते तुम्ही भर कचेरीत उघडं केलंत. "पेन्सिल लागली की काच तिरपी धरल्यावर चमकते," म्हणत तुम्ही प्लेट घेऊन खिडकीशी गेलात. साहेब स्वतः खुर्चीतून उठून आले, वाकून बघू लागले. "कणीस न् कणीस दिसतंय," ते म्हणाले. "ह्या प्लेटला कुठंच पेन्सिल लागलेली नाही? शपथेवर सांगता?" तुम्ही म्हणालात, "शपथेवर."

उतार वाडीकडं राहिला. आबा, आयुष्यात मला बरंच काही मिळालं, साप्ताहिकांत फोटो छापून आले, माझ्या नावाची पत्रं आली, पण त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना झाला तसा आनंद पुन्हा झाला नाही. वाडीतल्या बायांनी तिथंच फेर धरला. तुम्हाला वाटलं होतं, आता दुकान बुडालं. उलट पुढच्या आठवड्यात रांग लागली, "आमची पण चामखीळ काढा" म्हणत. आणि तुम्ही मला विचारलंत, "आता कुठं जायचं म्हणतेस फोटो काढायला?" त्या एका प्रश्नावर मी पुढची वीस वर्षं हिंडले.

एक गोष्ट मात्र आपण दोघांनीही कधी बोलून दाखवली नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी म्हातारी पुन्हा आली होती. फोटोतल्या स्वतःला बघून लाजून म्हणाली, "माजं तोंड जरा बरं कर गं. सायबापुडं जायाचं हाय." मी तिच्या गालावरचे देवीचे व्रण प्लेटवर पेन्सिलीनं भरले आणि नवा फोटो छापून दिला. तुम्ही ते ओळखलं नसेल? काच कडेशिवाय कुठंही धरायची नाही हा तुमचा नेम, आणि खिडकीशी तुमचा अंगठा प्लेटच्या आत होता, बरोबर तिच्या तोंडावर.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून प्लेटांच्या खोक्यातच ठेवते. काल तोच फोटो सगळ्यांत मोठा करून मधोमध लावला होता. कोपऱ्यातल्या बाईच्या तोंडावर हा अंगठ्यासारखा डाग कसला, असं दोघातिघांनी विचारलं. मी म्हटलं, प्लेट जुनी आहे.