खुर्ची नको!

सोमवार, ६ एप्रिल

खुर्ची! मला! फिरती खुर्ची, डोक्यावर पंखा, समोर तीन टेलिफोन. साहेबांनी सकाळच्या हजेरीतच जाहीर करून टाकलं — नियंत्रण कक्षातली जागा रिकामी होतेय, तिथे माझं नाव सुचवलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात खालीच.

बावीस वर्षं अग्निशमन बंबावर काढली. आगीत शिरणारी बाई म्हणून आधी लोक हसले, मग त्यांना सवय झाली, मग मी बाई आहे हेच विसरले. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी एकदम आठवण झाली! कारण काय, तर फेब्रुवारीत त्या कापडाच्या गोदामाचा जिना माझ्यासकट खाली आला. खांदा निखळला, बसवला, बरा झाला. कामावर जायला हरकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पण साहेबांना माझ्या खांद्याची डॉक्टरांपेक्षा जास्त काळजी.

शनिवारी वार्षिक शारीरिक चाचणी आहे. पास झालं तर गाडी, नापास झालं तर खुर्ची. साहेब म्हणाले, तुम्ही चाचणी नाही दिलीत तरी चालेल, उगाच दगदग कशाला, सरळ कक्षात जा. मी म्हटलं, देणार. त्यांनी मान खाली घातली आणि पुढची नावं वाचायला लागले.

दुपारी केक आला. माझ्या खुर्चीच्या आनंदात! वर साखरेचा टेलिफोन. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मी सुरी हातात घेतली, परत खाली ठेवली आणि केक उचलून फ्रिजमध्ये सरकवला. शनिवारी कापू म्हटलं, पास झाल्यावर. ड्रायव्हर म्हणाला, तोपर्यंत क्रीम आंबेल. आंबू दे!

घरी येऊन ह्याला सांगितलं. हा काकडी सोलत होता. घड्याळदुरुस्तीचं दुकान लवकर बंद केलं की संध्याकाळचा स्वयंपाक ह्याचाच. सोलणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. “मग? देणार ना चाचणी?” एवढंच विचारलं. जेवण झाल्यावर कपाटातून जुनं स्टॉपवॉच काढलं आणि चालतंय का ते कानाला लावून बघत बसला. असा नवरा मिळायला नशीब लागतं. त्याच्या तोंडावर म्हणणार नाही, डोक्यावर बसेल.

मंगळवार, ७ एप्रिल

पहाटे जिने. खांद्यावर पाण्याने भरलेला कॅन, खालून वर, वरून खाली. पहिल्या मजल्यावरच्या बाई दार उघडून म्हणाल्या, लिफ्ट चालू आहे हो! मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी दार लावलं ते बराच वेळ उघडलं नाही.

हा खाली स्टॉपवॉच घेऊन उभा. वेळ विचारली की म्हणतो, कालच्यापेक्षा बरी. काल मी चढलेच नव्हते!

चाचणी दोन भागांत. आधी पाइपाची गुंडाळी खांद्यावर घेऊन सरावाचा मनोरा चढायचा. उतरलं की एक माणूस खांद्यावर टाकून आवाराच्या ह्या टोकापासून त्या टोकाला न्यायचा, मध्ये टेकवायचा नाही. बाकी केंद्रांत ह्यासाठी पोत्याचा बाहुला असतो. आमचा बाहुला कधीच फाटला, नवा काही आला नाही, म्हणून आमच्याकडे जिवंत माणूस. कोणाला उचलायचं ते ज्याने त्याने निवडायचं, आणि निवडलेल्याने नाही म्हणायचं नाही. सगळे काडीलाच निवडतात. काडी म्हणजे आमचा पंपवाला. दोन पोरांचा बाप, पण ओला करून वजन केलं तरी काटा फारसा हलायचा नाही. अग्निशमन केंद्रात काडी नावाचा माणूस! चाचणीच्या दिवशी बिचारा जमिनीवर कमी आणि लोकांच्या खांद्यावर जास्त.

रात्री उकडलेले मसूर, वरून लिंबू, भात, काकडी. साहेबांची डाळ माझ्यापुढे शिजायची नाही. घरची मात्र लोण्यासारखी शिजली होती.

बुधवार, ८ एप्रिल

नणंदेच्या मुलीला पदवी मिळाली, त्याची पार्टी. उकाडा मी म्हणत होता. गच्चीवर दिव्यांच्या माळा, तळणाचा वास, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी क्रीम लावलेलं. मी डबा घेऊन गेले होते. दोन उकडलेली अंडी, भाजलेला भोपळा, दही. नणंदेने डबा पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. वहिनी, आमच्याकडे काय जेवायला नाही का? मी म्हटलं, शनिवारपर्यंत तळलेलं बंद, रविवारी तुझ्या हातचं सगळं खाईन, भांडंसुद्धा चाटीन. तेवढ्यावर हसली.

मग मला बाजूला घेतलं. आधी उन्हाळ्यावर बोलली. मग माझे केस किती पांढरे झाले त्यावर. मग गुडघे, मग तिच्या ओळखीच्या कोणीतरी बाई चाळिशीनंतर कशा पडल्या ते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? शेवटी मीच म्हटलं, खुर्ची घे असं सांगायचंय ना? तर म्हणाली, हो, घे! सुट्ट्या असतात, पंखा असतो, माणूस रोज संध्याकाळी धडपणे घरी येतो. आणि आवाज खाली आणून: “दादाचा तरी विचार कर, वहिनी.”

मी दादाकडे पाहिलं. दादा कोपऱ्यात उभा राहून माझ्या डब्यातला भोपळा खात होता. दादा मजेत आहे, म्हटलं.

आज जितक्या लोकांना भेटले तितक्यांनी ‘आता आराम करा’ म्हणून सांगितलं. एकानेही विचारलं नाही की तुला आवडतं का ते काम. आवडतं! धूर आवडत नाही, जळालेली घरं बघवत नाहीत. पण दारामागून कोणीतरी खोकतंय असं ऐकू आलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. फोन उचलून पत्ता लिहून घ्यायला माझी ना नाही, तेही काम मोठंच आहे. पण ते माझं नाही. जोपर्यंत पाय वळतात तोपर्यंत नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

बेकरीमागच्या लाकडांना आग. ऊन वाढलं की आगीच्या अशा वर्द्या रोजच्याच. आत पोत्यांची खोली होती, तिथे शिरायला मी पुढे झाले, तर साहेबांनी हाताने अडवलं. तुम्ही पंपाजवळ थांबा. पंपाजवळ! काडी होता की तिथे! दोघे मिळून एक चाक फिरवत बसलो. काडी माझ्याकडे बघायचं टाळत होता. आग विझली, कोणाला काही झालं नाही, बेकरीवाल्याने सगळ्यांना पाव दिले. मी घेतला नाही. भूक होती तरी.

केंद्रावर परतल्यावर सरळ साहेबांच्या खोलीत गेले. ड्रायव्हरचं मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याला कोणी खुर्ची दाखवली नाही. शिडीवाल्याच्या पाठीत पट्टा आहे, त्यालाही नाही. मग मलाच का?

“मी बाई आहे म्हणून?”

साहेब टोपीची कड चाचपत राहिले. नाही हो, म्हणाले. मग कशासाठी? खिडकीबाहेर बघत म्हणाले, शनिवारी बघू. ज्या माणसाकडे उत्तर असतं तो असा खिडकीबाहेर बघत नाही.

मला स्वतःचं तेवढं वाटत नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज मी मुकाट बसले तर उद्या जी कोणी नवी मुलगी दलात येईल तिच्यासाठी ही खुर्ची आधीच पुसून ठेवतील.

घरी आल्या आल्या सगळा राग ह्याच्यावर काढला. साहेबांना नाही नाही ते बोलले. हा ऐकत भाज्यांचं सूप ढवळत होता. वाईट माणूस नाही गं तो, म्हणाला. मी म्हटलं, तू त्यांची बाजू घेऊ नकोस! सुपात मीठ घालायला विसरला होता.

शुक्रवार, १० एप्रिल

खांदा दुखतोय. कोणालाही सांगणार नाही.

शनिवार, ११ एप्रिल

झालं! पण नीट लिहिते. घाईत काही सुटायला नको.

मनोरा चढले. अर्ध्यावर खांद्यातून कळ गेली ती थेट दातांपर्यंत. थांबले नाही. उतरले तेव्हा हनुवटीवरून घाम ठिबकत होता. खाली सगळे उभे. काडी सवयीने पुढे आला, मान खाली, हात सैल — त्या दिवशीचा चौथा खांदा.

मी म्हटलं, तू नाही. साहेब.

साहेब म्हणजे भरलेलं पिंप! शिडीवाला हसायला गेला आणि त्याने हसू गिळलं. साहेब नाही म्हणू शकले असते का? रीत त्यांनीच पाळायला लावलेली. त्यांनी टोपी काढली, ड्रायव्हरच्या हातात दिली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

उचललं. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. पहिली काही पावलं मला जमीन दिसतच नव्हती. मनात एकच — ज्याने मला खाली बसवायचं ठरवलं त्यालाच उचलून नेतेय, आता पडले तर दोघे पडू! मधल्या झाडापाशी मला धाप लागली. तेव्हा माझ्या पाठीकडून साहेबांचा आवाज आला, अगदी हळू:

“घरी सांगा, मी माझ्याकडून प्रयत्न केला.”

कसला प्रयत्न, कोणाच्या घरी, काही विचारायला तोंडात हवा नव्हती. टोकाला पोहोचले. त्यांना खाली ठेवलं — आपटलं नाही, नीट ठेवलं. साहेबांनी शर्ट सारखा केला, टोपी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, पास. मग काडीने अशी शिट्टी मारली की रस्त्यावरची माणसं थांबली.

केक काढला. क्रीम खरंच आंबलं होतं. तरी सगळ्यांनी खाल्ला, साहेबांनीही. टेलिफोन मी खाल्ला, कडाकडा चावून.

रविवार, १२ एप्रिल

सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस, आमच्याच घरी. स्वयंपाक साधा असं मी बजावलं होतं. मोठं पातेलं भरून सूप, भात, कोशिंबीर, कलिंगड. नणंद तरी तीन डबे तळण घेऊन आलीच. शब्द दिला होता म्हणून खाल्लं. खोटं कशाला बोलू, भरपूर खाल्लं.

सासऱ्यांना साहेबांची गोष्ट चार वेळा सांगावी लागली. दर वेळी तितकेच खूश. मग म्हणाले, मलाही उचल! ऐंशी वर्षांचा माणूस हट्टाला पेटला. उचललं. साहेबांच्या मानाने कापूस. पाहुणे टाळ्या वाजवत होते, सासरे वरून हात हलवत होते. नणंदसुद्धा टाळ्या वाजवत होती. फक्त हा मागून म्हणत होता, पुरे आता, ठेव त्यांना, ठेव. मला वाटलं वडिलांची काळजी.

पाहुणे गेल्यावर हा भांडी घासत होता, मी पुसत होते. गंमत म्हणून सांगितलं — साहेब खांद्यावर उलटे लोंबकळत काय म्हणाले माहीत आहे? घरी सांगा म्हणे, मी माझ्याकडून प्रयत्न केला. डोक्यात रक्त उतरलं असणार!

हा हसला नाही. नळ वाहत राहिला, ताट हातात तसंच. मग म्हणाला, दमलीस, झोप जा. माझ्याकडे पाहिलं नाही.

अशी खिडकीबाहेर बघणारी नजर मी ह्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिली. उद्या विचारणार आहे.

सोमवार, १३ एप्रिल

विचारलं. हो म्हणाला.

गोदामाचा जिना पडला त्याच आठवड्यात हा साहेबांकडे गेला होता. तिला गाडीवरून उतरवा, पण मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका. साहेबांनी शब्द पाळला. माझ्या शिव्या खाल्ल्या, माझ्या खांद्यावर लोंबकळले, तरी पाळला. त्यांची माफी मागायची आहे. आज जमणार नाही.

ह्याला म्हटलं, मग आठवडाभर माझ्यासाठी अंडी कशाला उकडलीस? पहाटे जिन्याखाली कशाला उभा राहिलास?

“तू खाली बसावंस असं वाटत होतं. हरावंस असं नव्हतं वाटत.”

खूप भांडले. मग रडले. मग सांगितलं, गाडी सोडणार नाही — तुझ्यासाठीसुद्धा नाही. मान हलवली त्याने. डबा भरून दिला.

दुपारी वर्दी आली. गाडीवर चढले. बावीस वर्षांत पहिल्यांदा भीती वाटली. उतरले नाही.